मागच्या सीटवरचं उत्तर

“रोजची किती चालेल गाडी, काका?”

टायवाल्याने हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला आणि बाबांनी दुसऱ्यांदा तो कानाआड करून गाडीखाली वाकून पाहिलं. जुन्या गाड्या विकणाऱ्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये टाय लावून फिरणारा हा एकटाच होता. नाव विचारायच्या आधीच आईने त्याला टायवाला करून टाकलं होतं.

“नाही, जास्त चालणार असेल तर डिझेल परवडतं. कमी असेल तर सरळ पेट्रोल घ्या. म्हणून विचारतोय.”

“घर ते हॉस्पिटल,” बाबा उठत म्हणाले. “लागेल तेव्हा.”

टायवाल्याने माझ्याकडे पाहिलं. लागेल तेव्हा म्हणजे केव्हा, हे आम्हाला तरी कुठे माहीत होतं? आईचं हृदय थकलं होतं. मधूनच छातीत पाणी साठायचं, श्वास लागायचा. तसं झालं की एक मिनिट दवडू नका, अशी डॉक्टरांची ताकीद होती. बाबा त्याच हॉस्पिटलची अॅम्ब्युलन्स चालवत होते तोवर कुणी काळजी केली नाही. निवृत्त होऊन त्यांनी चावी परत केली आणि तेव्हापासून त्यांचा जीव टांगणीला लागला. आई स्वयंपाकघरात नुसती खोकली तरी हे चपला शोधायला लागायचे. गाडी घ्यायचं ठरलं ते त्यातूनच.

कोणती घ्यायची, हेही त्यांनी घरातून निघतानाच ठरवलं होतं. डिझेल. हॉस्पिटलच्या अलीकडे जो लांबलचक चढ आहे, तिथे पेट्रोलची गाडी धापा टाकते आणि डिझेल खेचून नेतं, असं त्यांचं म्हणणं. माणसं आपल्या गावाबद्दल बोलतात, तसे बाबा डिझेलबद्दल बोलायचे. आईला मात्र त्या इंजिनाची घरघर नको होती. “आयुष्यभर तुमच्या कपड्यांना तोच वास. आता माझी पाठ सोडा की,” ती म्हणाली होती. त्यावर बाबांनी चढाची कथा पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

एकाच बनावटीच्या दोन गाड्या होत्या. करडी डिझेलची, पांढरी पेट्रोलची. दोन्ही चालवून बघा, टायवाला म्हणाला.

करडीजवळ जाऊन बाबांनी मागचं दार उघडून धरलं. आई मुकाट्याने मागे बसली. मी पुढे बसले. चावी फिरली, इंजिन खडखडलं, आणि कितीतरी दिवसांनी बाबांचे खांदे सैल झालेले मला दिसले. रस्त्याला लागल्यावर तर गडी खुलला. गिअर कसा पडतो बघ, पिकअप कसा आहे बघ. मी म्हटलं, बाबा, घेऊन टाका. एवढे खूश दिसताय.

चढ सुरू झाला. इंजिनाचा आवाज वाढला. बाबांनी आरशात पाहिलं, पण टायवाल्याच्या शेडमध्ये कुणीतरी आरसा वर वळवून ठेवला होता. त्यात नुसतं छत दिसत होतं.

“बरी आहेस ना गं?” त्यांनी मोठ्याने विचारलं.

मागून काही आलं नाही.

“अगं, बरी आहेस ना?”

मी वळून पाहणार तेवढ्यात गाडी कडेला घसटत थांबली. बाबा खाली उतरले होते. गाडीला वळसा घालून त्यांनी मागचं दार खाडकन उघडलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“काय झालं?” आईने विचारलं. ती खिडकीतून झाडं बघत बसली होती.

“उत्तर का दिलं नाहीस?”

“अहो, दोन्ही वेळा हो म्हटलं! त्या धुडाच्या आवाजात तुम्हाला ऐकू येईल तर ना.”

बाबा दाराला धरून तसेच उभे राहिले. मी गंमत करायला गेले, “बाबा, शिट्टी देऊन ठेवू का आईला?” पण कुणी हसलं नाही. मग माझंच मला कसंसं झालं.

“अॅम्ब्युलन्सला ड्रायव्हर आणि पेशंटच्या मध्ये काच असते,” बाबा म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते की रस्त्याशी, कळेना. “मागचं काही ऐकू यायचं नाही. पोचलो की असं दार उघडायचं, तेव्हा कळायचं. कधी माणूस बघत असायचा आपल्याकडे. कधी...” ते थांबले. “मला तो इंजिनाचा आवाज बरा वाटायचा. त्याच्या जोरावर तर एवढी वर्षं चालवली. ऐकू आलं असतं तर माझ्याच्याने झालं नसतं.”

इतक्या वर्षांत बाबांनी घरी येऊन हॉस्पिटलातलं कधी काही सांगितलं नव्हतं. जेवायचे, बातम्या बघायचे, झोपायचे. आम्ही समजायचो, यांना काही वाटतच नाही. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली, आणि थोडी भीतीही वाटली.

आई खाली उतरली. तिने मला हाताने खूण करून मागे पिटाळलं आणि स्वतः पुढे बसली.

“चला,” ती म्हणाली. “दुसरी बघू.”

पांढरीतही ती पुढेच बसली. पहिल्याच सिग्नलला बाबांची फजिती झाली. गाडी थांबली, आवाज येईना. इंजिन बंद पडलं असं समजून त्यांनी चावी फिरवली, आणि चालू इंजिनातून दात खाल्ल्यासारखा कर्रकर्र आवाज आला. शेजारच्या गाडीतला माणूस वाकून बघायला लागला.

“चालू आहे हो ती!” आई हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली.

ती धाप मोठी नव्हती, पण त्या शांत गाडीत अगदी स्पष्ट ऐकू आली. आत जाणारा श्वास, मध्ये जरा अडकणं, बाहेर येणारा श्वास. सिग्नल हिरवा झाला तरी बाबा तिच्याकडेच बघत होते. मागच्यांनी हॉर्नचा गिल्ला केला तेव्हा कुठे गाडी हलली. चढावर पांढरीने खरंच धापा टाकल्या. बाबा घामाघूम झाले.

शेडमध्ये परतल्यावर टायवाल्याने विचारलं, “मग काका, डिझेल ना?”

“पांढरी,” बाबा म्हणाले.

मी म्हटलं, “बाबा, चढाचं काय?”

“चढ मी बघून घेईन.”

ती वेळ आली पावसाळा संपल्यावर, एका सकाळी. आईला उशांना टेकूनही श्वास पुरेना. बाबांनी तिला पुढे बसवलं, मी मागे. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. कुणी बोलायचं नाही, असं न सांगताच ठरलं होतं. रस्ताभर फक्त आईचा श्वास ऐकू येत होता, आणि तो जरा लांबला की मी पुढच्या सीटची पाठ धरायचे. बाबांचे ओठ तिच्या श्वासाबरोबर हलत होते.

चढाला लागलो. गाडी रडतखडत वर जाऊ लागली. बाबांचा हात एकदा छताकडे गेला, जिथे त्यांच्या जुन्या गाडीत सायरनचं बटण होतं, आणि परत खाली आला.

तेवढ्यात मागून खरा सायरन ऐकू आला. खूप लांबून. करडीत असतो तर कळलाही नसता. बाबांनी आरशात पाहिलं. हॉस्पिटलचीच गाडी होती, त्यांचीच, पुढच्या बंपरला तोच पोचा. रस्ता अरुंद होता. आम्ही थांबल्याशिवाय तिला वाट नव्हती.

“बाबा, थांबू नका,” मी म्हटलं. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

बाबांनी आईकडे पाहिलं. आईला बोलवत नव्हतं. तिने बोटांनी रस्त्याच्या कडेकडे खूण केली.

आयुष्यभर लोकांनी त्यांना वाट करून दिली होती. बाबांनी गाडी अगदी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि काच खाली करून हात बाहेर काढला. जा, जा. अॅम्ब्युलन्स खडखडत, धूर ओकत शेजारून गेली. आत कोण होतं ते दिसलं नाही.

तिचा आवाज वळणामागे विरला. बाबांनी काच वर केली, कान देऊन आईचा एक श्वास ऐकला, मग आणखी एक, आणि पहिला गिअर टाकला.