सासूबाईंनी चढवलेली स्कूटर

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवतात, मी त्यांवर दात बसवतो, ते घासून गुळगुळीत करतो आणि तयार माल डबीत घालून दवाखान्यांत पोचवून येतो. सगळे दवाखाने जवळपासचेच. म्हणून मी विजेवर चालणारी छोटी स्कूटर घेतली. धूर नाही, आवाज नाही, परवान्याची कटकट नाही. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. चुकलं ते माझं तोंड.

जो भेटेल त्याला मी बॅटरीवर प्रवचन द्यायला लागलो. इस्त्रीवाल्याला, जिन्यात गाठ पडलेल्या शेजाऱ्यांना, एकदा तर चुकून फोन लागलेल्या एका बाईंनाही. "स्वच्छ हवेसाठी कुणीतरी सुरुवात करायला हवी," असं मी म्हणायचो, आणि तो कुणीतरी म्हणजे मीच, हे समोरच्याला पटेपर्यंत हलायचो नाही.

"तू स्कूटर घेतलीस की संन्यास?" बायकोने एकदा विचारलं.

अशातच सासूबाई गुडघ्याच्या उपचारासाठी आमच्याकडे राहायला आल्या. अंगाने काडी, आवाजाने तोफ. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंचा दवाखाना टेकडीवर होता. त्याच इमारतीत एका दंतवैद्यांना कवळीही द्यायची होती.

"आईला टॅक्सीने ने," बायको म्हणाली.

"टॅक्सी कशाला? आपली गाडी आहे की!" मी म्हणालो. मला सासूबाईंना गाडी दाखवायची होती, दुसरं काय.

सपाट रस्त्यावर मी मागे वळून वळून बॅटरीचे गुण गायले. मग चढ लागला. माझं वजन किती, ते विचारू नका. वजनकाट्यावर उभा राहिलो की मी खिडकीबाहेर बघतो. गाडीला मात्र नजर चुकवायची सोय नव्हती. ती मंदावली, मग रांगायला लागली. बाळाची ढकलगाडी घेऊन चाललेली एक बाई आमच्या शेजारी आली, थोडा वेळ आमच्याबरोबर चालली आणि पुढे निघून गेली. जाताना बाळाने माझ्याकडे बघितलं. चांगलंच निरखून बघितलं.

"जावईबापू, बिघडली का हो?"

"नाही आई, ती वीज वाचवतेय."

"पुरे आता वाचवणं. मी उतरते."

दुखऱ्या गुडघ्याच्या सासूला चढावर चालवणारा जावई म्हणून मला नाव कमवायचं नव्हतं. शेवटी मीच उतरलो. बेत असा, की त्यांनी मागे बसून राहायचं आणि मी गाडी हाताने न्यायची. पण मी कपाळ पुसतोय तेवढ्यात त्या आपली पर्स माझ्या हातात देऊन सरकून पुढच्या सीटवर आल्या.

"हे पिळलं की चालते ना?"

"हो, पण आई, त्याचं शास्त्र असं आहे की—"

शास्त्र माझ्याजवळच राहिलं. गाडी भुर्रकन निघून गेली. तिच्यात एवढा दम असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी "ब्रेक डावीकडे! डावीकडे!" असं ओरडत, त्यांची पर्स काखेत मारून मागे धावलो. एक सद्गृहस्थ थांबून माझ्याकडे संशयाने बघायला लागले. धावणारा पुरुष, बायकी पर्स आणि पुढे पळून जाणारी म्हातारी. त्यांचं काय चुकलं?

मी वर पोचलो तेव्हा शर्ट पिळून काढावा असा झाला होता. स्कूटर इमारतीच्या दाराशी नीट स्टँडवर उभी होती. सासूबाई बाकावर बसून पाणी पीत होत्या.

"अहो आई, तुम्हाला येते चालवायला?"

"लग्नाआधी सायकल चालवायचे. हिला तर पायडलही मारायला नको." मग सहज म्हणाल्या, "आणि गाडीतली तुमची ती डबी देऊन आले हं डॉक्टरांना. चांगला मुलगा आहे. म्हणाला, आज प्रवचन नाही का?"

गुडघा बरा झाला, पण सासूबाई काही परत गेल्या नाहीत. आधी भाजीला म्हणून गाडी नेली, मग "जाताजाता एखादी डबीही देऊन येते," म्हणाल्या. हळूहळू सगळ्या डब्या त्यांच्याकडे गेल्या. त्या वेळेवर पोचतात, कुणाला पकवत नाहीत, आणि येताना नवी कामं घेऊन येतात. माझी चार ठिकाणं होती, त्यांनी सात केली. मी दिवसभर टेबलाशी बसून असतो, आणि खरं सांगायचं तर माझं काम सुधारलंय. पण हे मी अजून घरात कबूल केलेलं नाही.

परवा खाली त्या गाडी काढत होत्या. मी खिडकीत उभा होतो. नव्या शेजारणीने त्यांना विचारलं, "या वयात तुम्हीच सगळीकडे जाता? जावई काय करतात मग?"

"तो?" सासूबाई हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाल्या. आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ते स्वच्छ ऐकू आलं. "तो घरी बसून लोकांचे दात घासतो."