सगळ्यांचा एकच पाव

तिसरा पाव भावोजींनी ओट्यावर आपटला, तेव्हा असा आवाज झाला की मी आधी ओट्याला तडा गेला का ते पाहिले.

"हा मोडायला पाळकबाईंना हातोडी द्यावी लागेल," मी म्हटले.

भावोजी हसले नाहीत. एकेचाळीस वर्षे बेकरीत काढलेला माणूस, पण तांदळाच्या पिठापुढे हात टेकायची वेळ आली होती. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये प्रभुभोजन. सकाळी दहाच्या आत त्यांना असा पाव हवा होता जो हाताने मोडेल. मी मदतीला आले असे ते समजत होते. खरे सांगायचे तर मी त्यांची फजिती बघायला आले होते. तांदळाचा पाव फसला की माझ्या ताईचा पाव वाचणार होता.

आमचे चर्च म्हणजे जुन्या छापखान्याचा हॉल, ऐंशी खुर्च्या, एक पियानो (तो मी वाजवते, बऱ्यापैकी) आणि दारावर पाटी: जसे आहात तसे आत या. ही पाटी शोभेची नाही. फुलांचे बघणारे आमचे दोघे पुरुष, त्यांचे एकमेकांशी लग्न याच हॉलमध्ये लागले आणि ताई पहिल्या रांगेत बसून मनसोक्त रडली. भावोजी तर चारचौघांत सांगतात की मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला हे आपल्या डोक्यात शिरत नाही. चर्च चालवणाऱ्या पाळकबाईंनी त्यांना एवढेच विचारले होते की शेजाऱ्यावर प्रेम करावे हे तरी शिरते का. ते शिरते म्हणाले. मग पाव तुम्हीच भाजा, असे बाईंनी सांगून टाकले. त्याला बावीस वर्षे झाली. तेव्हापासून मुले त्यांना पावमामा म्हणतात.

पावाचे खमीर मात्र ताईचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने एका बरणीत पीठ आणि पाणी आंबवले, आणि रोज मूठभर पीठ घालून ते जिवंत ठेवले. ताई जाऊन तीन वर्षे झाली, बरणी अजून फसफसते आहे. दर महिन्याला अख्खी मंडळी ताईच्या हातचा घास खायची. निदान मी तरी तो तसाच खात होते.

प्रभुभोजनाला आम्ही गोल करून उभे राहतो. पाव एकच. आपण तुकडा मोडायचा, शेजारच्याच्या हातात द्यायचा आणि 'हे तुमच्यासाठी' म्हणायचे. ज्याला नको असेल त्याने हात छातीशी घ्यावेत. का, म्हणून कुणी विचारायचे नाही. आमच्यातले बरेचजण दुसरीकडून प्रश्न ऐकून ऐकून इथे आलेले, त्यामुळे या न विचारण्याचा आम्हाला भारी अभिमान.

गेल्या वर्षी चष्मेवाली यायला लागली. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात काम करते, पस्तिशीची, एकटी, गळा गोड. पहिल्या प्रभुभोजनाला तिने हात छातीशी घेतले. दुसऱ्याला घेतले. अकरा महिने घेतले. कुणी विचारले नाही, पण तर्क सगळ्यांनी केले. पाळकबाईंनी तिच्यासाठी शंका या विषयावर दोन प्रवचने दिली. फुलवाल्या दोघांनी दुखावलेल्या मनांवरचे एक पुस्तक तिला भेट दिले. मी पियानोवर मुद्दाम हळवे काहीतरी वाजवत राहिले. आपण किती समजूतदार आहोत, असे प्रत्येकाला वाटत होते.

मग भावोजींच्या चष्म्याची काडी मोडली आणि ते तिच्या दुकानात गेले. भावोजींना पोच कधीच नव्हता. काडी बसवून होईपर्यंत त्यांनी तिला सरळ विचारले, "माझ्या हातचा पाव आवडत नाही का तुम्हाला?"

ती म्हणाली, "मला गहू चालत नाही हो, मामा. घासभर खाल्ला तरी आठवडाभर अंथरूण धरते."

"मग बोलायचं नाही का?"

"कुणी विचारलंच नाही."

आधीच्या चर्चमध्ये तिने सांगून पाहिले होते. श्रद्धेने खा, काही होत नाही, असे तिथे ऐकवले. तिने खाल्ला, आजारी पडली, तर श्रद्धाच कमी पडली म्हणाले. त्यामुळे इथे कुणी काही म्हणत नाही हेच तिला खूप वाटले होते. मंडळीला हे कळले तेव्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. पाळकबाईंनी तिची माफी मागितली. तिच्यापुरता छोटा पाव वेगळ्या ताटलीत ठेवू, असे ठरत आले होते. भावोजी उठून म्हणाले की पाव एकच राहील, आणि तो सगळ्यांना चालेल असा राहील. पुढच्या महिन्यापासून तसाच भाजतो.

म्हणजे गहू बंद. म्हणजे ताईचे खमीर बंद. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

त्या शनिवारी चौथ्या पावाचे पीठ मोजायला भावोजी वळले आणि माझे लक्ष फळीकडे गेले. गव्हाचा डबा नव्हता. लाकडी परात नव्हती, साचे नवे, फडकी नवी. ताईची बरणी दाराशी होती, तिच्याच टॉवेलमध्ये गुंडाळलेली.

"ती तू घेऊन जा," भावोजी माझ्याकडे न बघता म्हणाले. "या घरात गव्हाचा कण ठेवून चालणार नाही."

"ताईचं काहीच ठेवणार नाही का तुम्ही?"

त्यांनी पीठ चाळायला घेतले. "तुझी ताई असती ना, तर आधी मलाच झापलं असतं. एक बाई अकरा महिने माझ्या पावापुढे हात आवळून उभी राहिली आणि मला ते दिसलं नाही."

मला रडू आले आणि लाजही वाटली. लाज वाटायचे कारण आणखी एक होते. तांदळाच्या पिठाला चिकटपणा कशाने येतो, हे शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी मला सोमवारीच सांगितले होते. मी ते पोटात ठेवले होते.

"इसबगोल घाला," मी म्हटले.

"काय?"

"दोन चमचे. भिजवून."

भावोजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. सोमवारपासूनचे सगळे त्यांना कळले असावे. "मंडळीची पोटं साफ होतील," एवढेच ते म्हणाले आणि भांडे पुढे केले. मी कोपरापर्यंत हात धुऊन कामाला लागले. पाचवा पाव फुगला, फार नाही, पण मोडला.

रविवारी आम्ही गोल उभे राहिलो. पियानो सोडून मीही. भावोजींच्या शेजारी चष्मेवाली, तिच्या शेजारी मी. पाव भावोजींकडे आला तोवर सवयीने तिचे हात छातीशी गेले होते. त्यांनी तुकडा मोडला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तांदळाचा आहे. अख्खा. भांडीसुद्धा नवी."

तिने तुकड्याकडे निरखून पाहिले. मग एक हात खाली आला, मग दुसरा. "हे तुमच्यासाठी," भावोजी म्हणाले. तिने तो लगेच तोंडात घातला, सावकाश चावला. मग माझी पाळी. तिने आजवर कुणासाठी पाव मोडलेला नव्हता, त्यामुळे तिच्या हातात केवढा तरी तुकडा आला आणि निम्मा भुगा होऊन माझ्या साडीवर पडला. "हे तुमच्यासाठी," ती म्हणाली, आणि ओशाळून हसली. पावाला ताईची चव नव्हती. तरी मी सगळा खाल्ला, साडीवरचा भुगासुद्धा वेचून. त्या दिवशी मी इतके जोरात वाजवले की पियानोची एक पट्टी बसली.

बरणी आता माझ्या ओट्यावर असते. बुधवारी मी ताईच्या खमिराचा पाव भाजते आणि भावोजी येतात. बरणीचे झाकण उघडून वास घेतात, मग टेबलाशी बसून दोन जाड काप खातात. बांधून देऊ का, हे मी आता विचारत नाही. खाऊन झाले की ते दारात उभे राहून सदरा झटकतात, मोरीवर कोपरापर्यंत साबण लावून हात धुतात, नखांतसुद्धा, आणि हात नीट कोरडे करून आपल्या घरी जातात.