फुलीची चादर

"आजपासून या रुग्णालयात एकविसावं शतक सुरू होत आहे," असं अधीक्षक डॉ. खैरनार यांनी जाहीर केलं, तेव्हा एकोणीसशे शहाण्णव साल चालू होतं आणि फीत कापायला कात्री सापडत नव्हती. फीत म्हणजे ड्रेसिंगच्या खोलीतलं बँडेज. शेवटी साहेबांनी तिची गाठ हातानंच सोडली आणि शतक आत आलं.

शतक म्हणजे नाशिकच्या ठेकेदाराचा टेम्पो. रुग्णालयाचे कपडे आता बाहेर, यंत्रात, वाफेवर धुतले जाणार होते. गिरणाकाठच्या या कुटीर रुग्णालयात सव्वीस वर्षं चादरी धुणारा छगन परीट मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याची भट्टी विझली, हौद कोरडा पडला, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरल्यामुळे त्याला केसपेपरच्या खिडकीपाशी रांग सरळ ठेवायला नेमलं. ओली चादर एका झटक्यात सरळ होते. माणसं होत नाहीत, हे त्याला दुपारपर्यंत कळलं.

छगनची एक पद्धत होती. ती त्याला कोणी शिकवली नव्हती आणि त्याला कोणी विचारलीही नव्हती. नवी चादर आली की बिब्ब्यात सुई बुडवून तो तिच्या कोपऱ्यावर खूण करी. बाळंतिणींच्या वॉर्डाला एक ठिपका, बायांच्या वॉर्डाला दोन, पुरुषांच्या वॉर्डाला तीन. आणि ज्या चादरीवर कोणी गेलं, तिच्या ठिपक्यांशेजारी एक फुली. फुलीची चादर तो इतर चादरींसारखीच उकळायचा, निळीत बुडवायचा, पण ती पुन्हा जिवंत माणसाखाली जायची नाही. ती शवागाराकडे जायची. बिब्ब्याची खूण कशानंही जात नाही.

टेम्पोनं ठिपके आणि फुल्या एकाच गठ्ठ्यात नेल्या आणि पांढऱ्याशुभ्र करून आणल्या. खुद्द छगननं एक चादर नाकाला लावून पाहिली आणि धुलाई बरी आहे, असं मनाविरुद्ध कबूल केलं.

पंधराव्या दिवशी धरणगावला दिलेली त्याची मुलगी पुष्पा याच रुग्णालयात बाळंत झाली. मुलगी झाली. भेटीच्या वेळी छगन डबा आणि बायकोनं बाळाच्या दुपट्यांसाठी दिलेलं जुनं लुगडं घेऊन गेला. नात पाहिली. मग सवयीनं चादरीचा कोपरा पाहिला.

तीन ठिपके. शेजारी फुली.

ही फुली त्यानंच काढली होती. कापसाच्या जिनिंगमधला एक हमाल होता. चार दिवस 'पाणी' म्हणत होता, पाचव्या दिवशी थांबला.

"काय देखी ऱ्हायनात, नाना?" पुष्पानं विचारलं.

"काही नहीं. पोरले उचल जरासी."

"आत्तेच निजनी ती."

"उचल, बेटा."

पुष्पा बाळाला घेऊन बाजूला सरकली, तशी त्यानं चादर ओढून काढली, लुगडं चौघडी करून अंथरलं, आणि चादर काखेत मारून शवागाराच्या वाटेला लागला. फाटकाजवळ ठेकेदाराचा मुकादम अभिमन आडवा आला.

"छगनआबा, चादर कुठं चालली?"

"जठे जायाले पाहिजे तठे."

"यादीत एक कमी भरली तर नोकरी माझी जाते, आबा. चला साहेबांकडे."

दुपारी अडीच ते साडेतीन साहेब ऑफिसातल्या पडद्याआड, कॉटवर, महत्त्वाच्या फायली पाहत. त्या पाहण्याचा आवाज ओपीडीपर्यंत ऐकू येई. आज तो मधेच तुटला आणि साहेब डोळे चोळत बाहेर आले.

"छगन, चादर चोरलीस?"

"नाही साहेब. बदलली."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं ठिपक्यांचं आणि फुलीचं सगळं सांगितलं. सुरुवात ऑफिसातल्या मराठीत केली, पण ती पुरली नाही. "ह्या चादरवर माणूस मरेल शे, साहेब. मनी पोर पुष्पा ओली बाळंतीण शे."

"अरे, एकशेवीस अंशाची वाफ देतात! एक जंतू जगत नाही. आणि मरणाचे जंतू नसतात."

"जंतू तं मी बी मारत व्हतू, साहेब."

"मग?"

छगननं चादरीचा कोपरा पुढं केला. तिथं फुली होती.

"आणि एवढं होतं तर ही खूण कुणाला सांगितली का नाहीस?"

"कोनी इचारंच नहीं, साहेब."

साहेब अंधश्रद्धेवर दहा मिनिटं बोलले. चांगलं बोलले. मग सरकारी वस्तू हलवल्याबद्दल मेमो लिहिला आणि चादर त्याच खाटेवर परत अंथरायचा हुकूम दिला. छगननं मेमोची घडी घातली, चादरीची घालायचा तशी, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि खिशात ठेवली. अभिमननं चादर उचलली. दोघं दारापर्यंत गेले.

"थांबा." साहेबांची नजर पडद्याकडे गेली होती. "अभिमन, ती चादर राहू दे इथंच. तू जा."

अभिमन गेला. साहेबांनी दार लोटून घेतलं.

"छगन," ते हळू आवाजात म्हणाले, "आतल्या कॉटवरची चादर सोमवारच्या टेम्पोतली आहे. तिचा कोपरा तेवढा बघून घेतोस का?"