लग्नपत्रिकेवरची उचल

पिंकीला एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा तिचे वडील उद्धवराव फीसाठी आपल्या चाकणच्या कंपनीत उचल मागायला गेले. मुलांच्या ‘व्यावसायिक पदवी’साठी कंपनी उचल देते. त्या यादीत हॉटेल मॅनेजमेंट होतं, नर्सिंग नव्हतं.

“पोरगी पोहे वाढायला शिकली असती तर चाललं असतं राव,” युनियनचे तौफिकभाई म्हणाले. “लग्नाला मात्र नुसती पत्रिका पुरते. छापा एक खोटी.”

उद्धवरावांनी छापली. नवरा म्हणून साडूच्या पुतण्याचं नाव टाकलं, तेही साडूला विचारून. साडूला ही सोयरीक कधीची हवीच होती. त्याने पत्रिका भावकीच्या ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी उदगीरहून मुलाच्या बापाचा फोन आला.

“कार्यालय ठरवलंय. नाव छापून आता नाही म्हणालात, तर पोरगी कुठं देता तेच बघतो.”

उद्धवराव अब्रूला भ्याले. “लग्नानंतर शिक,” ते पिंकीला म्हणाले.

“फी कोण भरणार, बाबा? कंपनी?”

उचल मंजूर झाली आणि कार्यालयाच्या भाड्यात गेली. कॉलेजातली जागा दुसरीला मिळाली.

अक्षता पडल्यावर व्याही बायकोला म्हणाले, “अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी लावलेली बाई उद्यापासून बंद कर. घरातच नर्स आली.”