बोटभर बाहेर आलेली काच

गाडी वडिलांची आणि वर्कशॉपही वडिलांचं. ते गेल्यावर गाडी मुलाकडे गेली आणि वर्कशॉप मुलीकडे. लोकांना वाटलं उलटंच झालं. पण धाकट्याला गाडी मिरवायची होती आणि थोरलीला ती उघडून बघायची होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. थोरली आता पन्नाशीला टेकली होती. जुन्या गाड्यांची दारं आणि काचा बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून गिऱ्हाइकं तिला काचताई म्हणत.

सोमवारी सकाळी धाकटा गाडी घेऊन आला. येत्या रविवारी जुन्या गाड्यांची फेरी होती आणि चालवणाऱ्याच्या बाजूची काच नीट बसत नव्हती. जरा वेग घेतला की कानाशी शिट्टी वाजायची. गाडी दोन दारांची, काचेला वरून चौकट नाही. काच सरळ छताच्या कडेच्या रबरात जाऊन टेकायची. आता तिचं वरचं टोक बोटभर बाहेर आलं होतं. वाऱ्यानं दार आपटलं, असं सांगून तो मागच्या खोलीत फोनवर बोलत बसला.

काचताईनं आधी बिजागऱ्या तपासल्या. दारच वाकडं असेल तर काचेशी झटापट करून उपयोग नाही, हे वडिलांनी तिच्या हातावर पट्टी मारून शिकवलं होतं. बिजागऱ्या जागच्या जागी होत्या. दार आपटलं असतं तर पहिल्यांदा त्याच हलल्या असत्या. तिनं दाराचं आतलं अस्तर उतरवलं, काचेखालचे बोल्ट सैल केले आणि काच हळूहळू आत झुकवायला घेतली. ती अर्ध्यातच अडली. टॉर्च घालून पाहिलं तर काच जिच्यातून वर-खाली सरकते ती पोलादी पट्टी बाहेरच्या अंगाला वाकली होती. वाऱ्यानं ती वाकत नाही. काचेच्या वरच्या कडेला धरून बाहेरून कुणी अंगाचं सगळं वजन टाकलं, तरच वाकते.

मग तिनं रबर पाहिलं. रबराच्या घडीत काहीतरी रुतलं होतं. चिमट्यानं ओढून तळहातावर घेतलं. ते नख होतं. मुळापासून उपटलेलं, वर फिकट जांभळं नेलपॉलिश.

तीन आठवड्यांपूर्वी ती भावाकडे जेवायला गेली होती. भावजयीच्या उजव्या हाताची तीन बोटं पट्टीत होती आणि ती पाय ओढत चालत होती. फाटकात सापडली बोटं, ती म्हणाली. काचताईनं इंजेक्शन घेतलं का एवढं विचारलं होतं, आणि ताट पुढे ओढलं होतं.

ती मागच्या खोलीत गेली आणि हात भावासमोर धरला.

"हे कुणाचं आहे?"

त्यानं पाहिलं आणि फोन खाली ठेवला. "ती काच सोडतच नव्हती. मी वर केली."

"बोटं आत असताना? आणि गाडी?"

"गाडी थोडी पुढे घेतली. ताई, नवरा-बायकोचं भांडण आहे ते. तू काच बसव."

तिनं नख खिशात टाकलं. तिथल्याच कामाच्या टेबलावर अस्तर ठोकायची रबरी हातोडी होती, ती उचलली. पहिला घाव त्याच्या कानशिलावर बसला. तो खुर्चीसकट आडवा झाला, पण उठलाही लगेच. त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड कामाच्या टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. समोरचा दात तुटला आणि तोंड रक्तानं भरलं. तिसऱ्यांदा आपटायला त्यानं मान मागे खेचली, तेव्हा तिनं मागे लाथ झाडली. त्याचा गुडघा लचकला. ती वळली आणि हातोडी फिरवली. त्याच्या गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

तो खाली पडला, हात वर करून बस म्हणाला. ती थांबली नाही. खांद्यावर, पाठीवर, त्यानं तोंडावर धरलेल्या हातांवर ती मारत राहिली. शेजारच्या शेडमध्ये पत्रा ठोकणारा म्हातारा डेंटर धावत आला आणि त्यानं तिला मागून कवेत घट्ट धरलं, तेव्हा कुठे हातोडी सुटली. मारताना तिला बरं वाटत होतं. ते तिला नंतरच्या सगळ्या दिवसांत कुणाला सांगता आलं नाही.

डेंटरनं दोघांना दवाखान्यात नेलं. भाऊ खाटेवरून म्हणाला, जिन्यावरून पडलो असं सांगू. आपलेच दात, आपलेच ओठ. काचताईच्या तोंडात कापूस होता. तिनं फक्त मान हलवली, नाही म्हणून, आणि तशीच भावजयीकडे गेली.

भावजयीनं दार उघडलं, नणंदेचं सुजलेलं तोंड पाहिलं आणि सगळं ऐकून घेतलं. रडली नाही.

"त्या दिवशी माझ्या हातात चमचा धरवत नव्हता, वन्सं. तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

भावजय आत गेली, कपड्यांची बॅग घेऊन आली आणि दोघी पोलीस ठाण्यात गेल्या. तिथं काचताईनं कागदावर दाराचं चित्र काढलं, पट्टी कुठं वाकली आणि कशानं वाकते ते दाखवलं, नख पुडीतून पुढे ठेवलं. पहिला घाव आपणच घातला, हेही तिनं सांगितलं. सख्ख्या भावाविरुद्ध सही करताय, अंमलदारानं आठवण करून दिली. तिनं सही केली. भावाला दवाखान्यातच अटक झाली आणि मारहाणीचा गुन्हा तिच्यावरही नोंदला गेला. दुसऱ्या दिवशी पोलिसांना पुराव्यासाठी दार हवं होतं. ते तिनं स्वतःच्या हातानं गाडीपासून सोडवून दिलं.

वर्कशॉपच्या वर दोन खोल्या रिकाम्या होत्या. तिथं राहायला ये, असं तिनं भावजयीला दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी भावजय म्हणाली, "डेंटरकाका साक्षीबद्दल बोलायला आले होते. तो खाली पडल्यावर तुम्ही किती वेळ मारत होतात, ते त्यांनी सांगितलं. मला आता कुणाच्या हाताखाली राहायचं नाही, वन्सं. तुमच्याही नाही."

काचताईनं हो म्हटलं. भावजयीनं शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीकडे एक खोली घेतली. तिथली खिडकी नीट लागत नव्हती. काचताईनं एका दुपारी जाऊन ती बसवून दिली. भावजय तेवढा वेळ उघड्या दाराजवळच उभी होती.