पडद्यावरची सातवी

मोठ्या बाईंच्या खोलीत भिंतीवर पडदा आला आणि त्यांचं वर्गांत जाणं बंद झालं. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. पडद्यावर वर्गांतल्या कॅमेऱ्यांतून सगळे वर्ग चौकोनाचौकोनांत दिसायचे, आवाज मात्र यायचा नाही. कुठे गडबड दिसली की बाई माईक उचलायच्या आणि वर्गावर्गातल्या स्पीकरमधून दरडावायच्या. आपल्या मुलांच्या शाळेतही असं काही असेल, तर मंडळी, पुढचं जरा लक्ष देऊन वाचा.

बाई पहिल्यापासून अशा नव्हत्या. एखादे शिक्षक आले नाहीत की खडू घेऊन त्या स्वतः वर्गावर जायच्या आणि घंटा झाली तरी मुलं त्यांना सोडायची नाहीत. मग अहवाल वाढले, बैठका वाढल्या, वरून येणाऱ्या फोनांनी नाकी नऊ आणले. वर्गावर जाणं आज राहिलं, उद्या राहिलं आणि पुढे कायमचं राहूनच गेलं. ते राहिलंय हेही बाईंच्या ध्यानात आलं नाही.

एके सकाळी पडद्यावर सातवी दिसली ती भलतीच. मुलं बाकांवर उभी, वर्गात आडवी दोरी बांधलेली, काही जण गोलगोल फिरताहेत. शिकवणाऱ्या होत्या सायकलवाल्या बाई. नव्या, तरुण, सायकलवरून शाळेत येणाऱ्या, म्हणून शाळेने त्यांचं बारसं केलेलं.

मोठ्या बाईंनी माईक ओढला. "सातवीच्या बाई, वर्ग आहे की बाजार? जमत नसेल तर तसं सांगा."

ते सगळ्या शाळेने ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून सातवी मान खाली घालून लिहीत बसलेली दिसू लागली. मोठ्या बाई खूश झाल्या. शिक्षकांच्या बैठकीत त्यांनी सातवीचं तोंडभरून कौतुकही केलं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी सायकलवाल्या बाई खोलीत आल्या. "मोठ्या बाई, मी नोकरी सोडते. काकांच्या दुकानात बसेन म्हणते."

"अहो, आता तर कुठे वर्ग ताळ्यावर आलाय!"

"मी शिकवणं थांबवलंय, बाई. फळ्यावर लिहिते, मुलं उतरवून घेतात. तुम्हाला तेच आवडलं. तेवढ्यासाठी माझी काही गरज नाही."

मोठ्या बाईंना ते झोंबलं. "सोमवारी बोलू," एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी घरी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्याही मुख्याध्यापिकाच, आता निवृत्त, त्यामुळे या घरात शाळा दोनदा भरायची.

"आई, हल्लीची पोरं टिकतच नाहीत बघा. कामावर निष्ठा म्हणून नाही."

"तुझी टिकलीय?" सासूबाईंनी मान वर न करता विचारलं.

"म्हणजे काय? दिवसभर राबते मी."

"राबतेस गं, कोण नाही म्हणतंय? पण पूर्वी पोरांच्या गमती सांगता सांगता तुझं जेवण गार व्हायचं. आता कुठला अहवाल गेला, कोणाचा फोन आला, तेच सांगतेस. अलीकडे कुठल्या मुलाचं नाव घेतलंस, आठव बरं."

मोठ्या बाईंना एकही नाव आठवेना.

"थकली असशील, त्यात लाज कसली? मीही थकायचे," सासूबाई म्हणाल्या. "पण निष्ठा म्हणजे काही पेन्शन नव्हे, एकदा सुरू झाली की मरेपर्यंत मिळायला. ती आटते. आटली की उठून वर्गात जायचं. ती तिथेच मिळते, दुसरीकडे नाही. घे, मटार सोल."

सोमवारी मोठ्या बाई सातवीत जाऊन मागच्या बाकावर बसल्या. फळा भरलेला, वर्ग चिडीचूप. शेजारच्या मुलीला त्यांनी हळूच विचारलं, "त्या दिवशी बाकांवर का उभे होतात गं?"

ती आधी घाबरली. मग म्हणाली, "बाकांवरचे तारे होते, बाई, आणि दोरीच्या कडेने फिरणारे आम्ही ग्रह. मी शनी. माझी फेरी पूर्णच झाली नाही."

म्हणजे वर्गात शिकणं चालू होतं आणि आपण त्यावर ओरडलो! मोठ्या बाई उठल्या, तडक खोलीत गेल्या आणि त्यांनी तोच माईक हातात घेतला.

"मागच्या आठवड्यात मी सातवीच्या बाईंना सगळ्यांसमोर बोलले. चूक माझी होती. न ऐकता, न विचारता बोलले. बाई, मला माफ करा. आणि राहिलेला तास पूर्ण करा. मीही येतेय."

त्या सातवीत परतल्या तेव्हा मुलं दोरी बांधत होती. सायकलवाल्या बाईंनी घाईघाईने डोळे पुसले. "बाई, चंद्राची जागा रिकामी आहे. पण चंद्राला बसता येत नाही हं, सारखं पृथ्वीभोवती फिरावं लागतं."

मोठ्या बाई फिरल्या. धाप लागली, पदर सुटला, मुलं खदखदून हसली आणि शनीची फेरी एकदाची पूर्ण झाली.

"काकांना काय सांगणार?" त्यांनी दम खात विचारलं.

"सांगते, दुसरं कुणी बघा म्हणून."

मंडळी, मन लावून काम करणारी माणसंही थकतात, कामापासून दूर जातात. म्हणून ती वाईट ठरत नाहीत. पण आपण ज्यांच्यासाठी या कामात आलो, त्यांच्यात पुन्हा जाऊन उभं राहण्याची लाज मात्र बाळगू नये. पडदा अजून भिंतीवर आहे. फक्त त्याच्यासमोरची खुर्ची आता बहुतेक वेळा रिकामी असते, आणि एखाद्या चौकोनात, मागच्या बाकावर, मोठ्या बाई दिसतात.