खेळात वारा नको

लीलाधरशेठने कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याच्यावर नारळ फोडायला निघाला होता. कुमुदने हात धरला म्हणून नारळ टेबलाच्या कोपऱ्यावर फुटला आणि मशीन वाचलं. पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक मात्र उमटलंच. मग दुकानात हुकूम सुटला की चपला बाहेर काढल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही. ज्या दुकानात आयुष्यभर खताच्या गोण्या आपटल्या गेल्या, तिथे आता गिऱ्हाईक अनवाणी आणि शेठ बूट घालून. असा हा माणूस. पण जळगावात खत-औषधाच्या धंद्यात कॉम्प्युटर आणणारा तो पहिला, आणि तो चालवणारी कुमुद वारके ही सावद्याकडच्या केळीवाल्याची मुलगी. बी.एस्सी. झालेली, लग्नाचं नाव काढलं की फणकारणारी, आणि ‘नोकरी आहे ना मला’ एवढ्या एका वाक्यावर सगळ्या भाऊबंदांना दारातून परत पाठवणारी.

त्र्याण्णव सालच्या डिसेंबरात जळगावला मोठं कृषी प्रदर्शन भरणार होतं. शेठ म्हणाला, “कुमुदताई, स्टॉलवर काहीतरी गंमत पाहिजे. लोकांनी बटणं दाबली पाहिजेत. खेळ कर एखादा. केळीचा!”

कुमुदला दुसरं काय हवं होतं! बिलं छापून छापून बोटं आंबली होती. तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक झाड काढलं. बुंध्यापाशी पहिला प्रश्न: बाग कधी लावणार, पावसाच्या तोंडावर मृगात की दिवाळीच्या सुमारास कांदेबाग? तिथून दोन फांद्या. मग पाणी, मग बुंध्याशी फुटणारी पिलं कधी कापणार, मग शेवरी. केळीच्या बागेला चारी बाजूंनी शेवरीची दाट ओळ लावतात, वारा अडवायला. ती ठेवायची की तोडून तिथे केळी वाढवायची? प्रत्येक उत्तराची फांदी वेगळी आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला वेगळा शेवट. कुणाचा माल दिल्लीला पोचतो, कुणाचा वॅगन न मिळाल्याने स्टेशनावरच पिकतो. आणि तिने वारा घातला. मशीन मनातल्या मनात एक आकडा काढायचं. तो लागला की मे महिन्यात वारा सुटायचा. शेवरी असली तर बाग बहुतेक वाचायची, नसली तर आडवी. वैशाखातला वारा काही विचारून येत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक. एकदा तर सबंध बाग सकाळी उभी होती न् दुपारी सतरंजीसारखी पसरलेली. त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती.

शेठने खेळ पाहिला. खुर्चीत बसून त्याने शेवरी तोडली, ‘अमृतघड’ निवडलं आणि वाऱ्यात बाग गमावली. ‘अमृतघड’ म्हणजे त्याचंच नवं औषध, मोठ्या हिरव्या डब्यातलं. शेठचं नाक फुगलं.

“हे काय? माझं औषध घेऊन माणूस बुडतो?”

“वारा आला शेठ. औषधाने वारा कसा थांबेल?”

“खेळात वारा नको.”

“वारा नको म्हणजे?”

“म्हणजे नको! तुला फांद्या पाहिजेत तेवढ्या ठेव. पण सगळ्या फांद्यांना शेवटी आपलाच घड लागला पाहिजे. औषध घेतलं, शेवरी काढून बाग वाढवली, की भरघोस नफा. नाही घेतलं की बाग गेली. लोकांना निवडू दे की! आपण कुठे अडवतोय?”

तळपायाची आग मस्तकात गेली. निवडू दे म्हणे! चारी दारं रंगवायची, तीन बाहेरून कुलूप लावून ठेवायची, आणि वर म्हणायचं, बघा, केवढी दारं आहेत! कुमुदच्या ओठावर आलं होतं. पण शेठने टेबलावर बोट आपटून सांगितलं, “जमत नसेल तर पुण्याहून पोरगा आणतो.” नोकरीच्या भिंतीआड तर तिचं सगळं उभं होतं. तिने वाऱ्याच्या ओळी पुसल्या नाहीत, पुसवल्या नाहीत तिच्याच्याने. प्रत्येकीच्या आधी एक खूण टाकली. तशी खूण असली की मशीन ती ओळ वाचत नाही, उडी मारून पुढे जातं. वारा फ्लॉपीत होता, फक्त मुका.

प्रदर्शनाला तोबा गर्दी. शेठच्या स्टॉलपुढे रांग, चपला इथेही बाहेरच. आणि इथेच सगळं फिसकटलं, कारण खेळ आहे हे कुणी ऐकायलाच तयार नव्हतं. आपल्याकडच्या माणसाने आयुष्यात कधी खोटी शेती केलीय? बटण दाबताना जो तो आपल्याच वावराचं उत्तर देत होता. “थांब बाई, माझी जमीन काळी आहे, पाणी शेजाऱ्याच्या विहिरीचं, मग काय दाबू?” एकाने तर बायकोला पुढे घेतलं, कारण पिलं कापायचं तीच ठरवते. पडद्यावर ‘शाबास! भरघोस नफा!’ उमटलं की माणसं बाजूच्या टेबलावर वळत आणि हिरवे डबे उचलत. आणि पडद्याच्या तळाशी, शेठने हौसेने टाकायला लावलेलं, सगळ्यांना दिसेल असं: ‘खेळ रचना: कु. कुमुद चुडामण वारके’.

दुपारी नाना आले. चुडामण वारके, तिचे वडील. पांढरी टोपी, कडक घडीचं धोतर. हा माणूस असा की खतवाल्याने दिलेला चहासुद्धा घेत नाही. म्हणतो, चहा प्यायला की गोणी घ्यावी लागते. कृषी अधिकारी येऊन गेला की नाना तो सांगून गेला ते महिनाभर चघळणार, चार म्हाताऱ्यांना विचारणार, आणि मग जे करायचं तेच करणार.

“ही माह्या पोरीनं केलेली मशीन,” ते रांगेतल्या लोकांना सांगत होते. “वाचा, नाव वाचा.”

त्यांनी बटणं दाबली. मृगबाग. पाणी वेळेवर. शेवरीचा प्रश्न आला तेव्हा बोट थांबलं. कुमुद शेजारीच स्टुलावर. तिच्या मागे शेठ, पोट पुढे काढून उभा. नानांनी तिच्याकडे पाहिलं. “ठेवू का तोडू, कुमुद?”

शेठ हसून म्हणाला, “ताई कशी सांगेल? निवड तुमची!”

आणि कुमुद हसली. तोंडात मिठाची गुळणी धरून नुसती हसली. नानांनी आधी शेवरी ठेवली, बाग गेली. पुन्हा खेळले, तोडली, औषध घेतलं, शाबास! लोकांनी टाळ्या पिटल्या. नाना लाजले, टोपी सारखी केली, आणि पिशवी आणली नाही, उद्या येऊन डबे नेतो, असं सांगून गाववाल्यांबरोबर शेवटच्या एसटीला पळाले.

गावात सोसायटीत फोन होता. कुमुदने तो केला नाही. का नाही केला? स्वतःला समजावत राहिली: नाना काय लगेच कोयता उचलणार आहेत? दहा जणांना विचारल्याशिवाय हा माणूस खुरपं हलवत नाही. उद्या येतील तेव्हा सांगू, हळूच, बाजूला घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठने येताच नवं फर्मान काढलं. “शेवरी ठेवायचं बटणच काढून टाक. उगीच लोकांचा वेळ जातो.”

झालं! वारा गेला, आता प्रश्नसुद्धा गेला. कुमुदच्या डोक्यात सणक गेली. हो शेठ, म्हणाली, आणि की-बोर्ड पुढे ओढला. शेठ जेवायला गेल्यावर तिने प्रश्न काढला नाही. वाऱ्याच्या एकेका ओळीपुढची खूण तेवढी खोडली. औषध घेतलं की आपोआप नफा देणारी शेठची ओळ मात्र मुळापासून उखडली. भीती कधीच पळाली होती.

शेठ ढेकर देत परतला तोवर नाना आलेच. हातात मोठी पिशवी, मागे गावची चार माणसं. सरळ डब्यांच्या टेबलाकडे.

“नाना, थांबा,” कुमुद उभी राहिली. “आधी एकदा खेळा.”

“काल खेळलो ना वं.”

“परत खेळा. कालचीच उत्तरं द्या.”

नानांनी कालचीच बटणं दाबली. मृगबाग, पाणी, शेवरी तोडली, अमृतघड. पडदा क्षणभर काळा झाला. आकडा लागला होता. मग अक्षरं आली: ‘वारा सुटला. बाग आडवी पडली.’

“मशीन बिघडलं!” शेठ ओरडला. “वायर काढ! वायर काढ!”

“मशीन ठीक आहे,” कुमुद म्हणाली, आणि आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिलाच नवीन होतं. “कालचं खोटं होतं! वारा मी घातला होता, शेठने काढायला लावला. काय वाट्टेल ते दाबा, औषध घेतलं तरच जिंकायचं, असं करून ठेवलं होतं. औषधाने वारा थांबत नाही. डबे ठेवा खाली!”

गर्दीत एकच कालवा उठला. कुणी शेठच्या अंगावर धावलं, कुणी डबा टेबलावर आपटून पैसे परत मागायला लागलं, कुणी मोठ्याने म्हणालं, “बैल गेला न् झोपा केला! काल सांगायचं ना!” शेठचा चेहरा लालबुंद. “नीघ! आत्ताच्या आत्ता नीघ इथून! हरामखोर, माझं मीठ खाऊन—” चोराच्या उलट्या बोंबा! कुमुदने स्टूल पायाने मागे सारलं आणि स्टॉलच्या बाहेर आली. छाती भरून आली होती. असं मोकळं तिला कधीच वाटलं नव्हतं. आता नाना पाठीवर थाप मारतील, माह्या पोरीनं शेठले उघडा पाडला म्हणतील, असं तिला खरंच वाटलं.

नाना शामियान्याच्या खांबाशी उभे होते. रिकामी पिशवी हातात. आवाज अगदी खाली.

“काल तुले ठाऊक व्हतं?”

“हो, पण नाना, तो शेठ मागेच उभा—”

“शेवरी आज सकायीच पाडली.”

कुमुदला कळलंच नाही आधी. “पाडली? सगळी?”

“बठ्ठी. मजूर घड कापाले आलेच व्हते. म्हटलं, हात आहेत तवर उरकून घ्यावं.”

“कुणाला विचारलं नाही तुम्ही? नाना, तुम्ही तर दहा जणांना विचारता!”

नानांनी मान वर केली, आणि तेव्हा तिला दिसलं की हा माणूस संतापाने नुसता पेटलाय. “कायले विचारू? खतवाल्यानं सांगितलं असतं तं विचारलं असतं. सायबानं सांगितलं असतं तं विचारलं असतं. खाली तुह्यं नाव व्हतं! माह्या पोरीनं लिहिलेलं कोनाले विचारू? गावात कोन आहे तुह्याहून शहाना?”

“शेठने मला—”

“शेठचं नाव नको घेऊ. तो इकाले बसला, तो इकनारच. त्याच्यावर मी कायले चिडू? मी बटनावर बोट धरून तुले इचारलं, ठेवू का तोडू. तू हसली.”

मैदानावर लाउडस्पीकर कुठल्यातरी ट्रॅक्टरची जाहिरात करत होता. मागे स्टॉलवर अजून हाणामारीची भाषा चालू होती. कुमुदला सगळ्यांचा राग आला. शेठचा, लोकांचा, नानांच्या त्या आंधळ्या विश्वासाचासुद्धा. एवढा विश्वास ठेवायला सांगितलं होतं कुणी? आणि सगळ्यात जास्त त्या स्टुलावर बसलेल्या मुलीचा, जिला एक शब्द बोलायचा होता आणि जिने दात दाखवले.

“नोकरी जाईन वाटलं, नाना,” ती म्हणाली. घरचीच बोली तोंडात आली.

“मंग, राह्यली का?”

“नही.”

“शेवरी बी गेली.” त्यांनी पिशवीची घडी घातली, बंडीच्या खिशात कोंबली. “नवी उभी राहाले पावसाया यावा लागते. वारा त्याच्या आधी येईन. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांबूले बांधाव्या लागतीन, बागेच्या चारी अंगाले, दोन मानसं उंच. मजूर त्याले पुरनार नहीत.”

ते चालू लागले. दहा-बारा पावलं गेल्यावर मागे न बघताच ओरडले, “येते का तठीच उभी राह्यते?”

कुमुदची चप्पल स्टॉलच्या दाराशी राहिली होती. ती आणायला ती परत गेली नाही. तशीच अनवाणी, खडीवरून, नानांच्या मागे निघाली.